दोर वळणाऱ्यांचे गाव

कुंडलिकेचा पूल ओलांडून जुन्या जालन्याकडून नवीन जालन्याकडे येऊ लागले, म्हणजे खालच्या पात्रात पाणी असो वा नसो, आपण काळाचे एक पात्र ओलांडतो आहोत असे मला नेहमी वाटते. कारण या शहराने आपला इतिहास शिलालेखांत फारसा जपला नसला, तरी वस्त्यांच्या नावांत तो साठवून ठेवला आहे. एका तीराला ‘कदीम’ हे फारसी विशेषण कायमचे चिकटले आहे, दुसऱ्या तीरावर कादराबाद आहे, आणि सदर बाजार हे नाव इथे कधीकाळी पलटणी राहत होत्या याची आठवण देते. कापूस, सरकी, गळिताची धान्ये, मोसंबी, अलीकडे बियाणे आणि लोखंडी सळया अशा नाना वस्तूंच्या उलाढालीने श्रीमंत झालेल्या या गावाची थोरवी आमच्याकडे एकाच वाक्यात सांगतात : जालना, सोन्याचा पालना. म्हण गोड आहे आणि गावाला शोभणारीही आहे. परंतु बाजारातल्या एखाद्या दुकानापुढे टांगलेली दोरांची वेटोळी पाहिली, की एक वाकडा विचार मनात येतो. पाळणा सोन्याचा असला तरी तो आढ्याला टांगावा लागतो, आणि टांगायला दोर लागतो. तो दोर कोणी वळला?

दीडशे वर्षांपूर्वी या प्रश्नाचे उत्तर गावातले लहान मूलही देऊ शकले असते. दोर वळणे हे मांगाचे काम होते. बलुतेदारीच्या ज्या चौकटीत मराठवाड्याचे, किंबहुना साऱ्या महाराष्ट्राचे गाव बसवलेले होते, त्या चौकटीत प्रत्येकाचे काम ठरलेले आणि प्रत्येकाची पायरीही ठरलेली. मांगाने अंबाडीची ताटे पाण्यात भिजत घालावीत, ती कुजली की वाख सोलून काढावा, धोपटून, धुऊन, वाळवून चातीवर त्याची सुतळी कातावी आणि सुतळीचे पदर एकमेकांत पिळून कुणब्याला लागेल तो दोर द्यावा : गुराला दावे, बैलाला वेसण आणि कासरा, मोटेला नाडा आणि सोल. दोर वळण्याचे हे काम ज्याने जवळून पाहिले असेल त्याला ठाऊक असते, की लांब दोर एकट्याच्याने वळत नाही. एकजण टोक धरून पीळ देत बसतो, दुसरा पदर सोडीत पावलापावलाने मागे सरकत जातो, आणि दोघांपैकी एकाने जरी हात सोडला तरी सगळा पीळ क्षणात उलगडून जातो.

असा वळलेला नाडा विहिरीवर चढे. बैल धावेवरून उतरू लागले की कातड्याची भरलेली मोट कुरकुरत वर येई, सोल ओढला जाऊन तिची सोंड थारोळ्यात मोकळी होई, आणि पाटाने धावत सुटलेले पाणी उसाला, हरभऱ्याला, गव्हाला मिळे. त्याच पाण्याने पाटलाच्या वाड्यातले रांजण भरत. मात्र ज्याच्या तळहाताची साल त्या नाड्याच्या पिळात गेली होती, त्याला त्या विहिरीच्या काठावर पाय ठेवण्याची मुभा नव्हती. त्याने दूर उभे राहावे, कोणी दयाळू माणसाने वरून पाणी वाढले तर ओंजळीत घ्यावे, आणि खळ्यावरच्या बलुत्यासाठी हात जोडावेत. पुण्यात जोतीराव फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मांग मुलीने आपल्या समाजाच्या दुःखाविषयी जो निबंध लिहिला आणि जो १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या ख्रिस्ती पत्राने छापला, त्यात हे सारे तिने इतक्या रोखठोकपणे मांडले आहे, की शतकानुशतके मुकी असलेली एक जात त्या मुलीच्या तोंडून एकाएकी बोलू लागली असे वाचणाऱ्याला वाटावे. त्या निबंधाच्या मागे एका गुरूने दिलेला धीर होता, आणि त्या गुरूचे स्वतःचे शिक्षण पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत झालेले होते, हा योगायोग ध्यानात ठेवण्याजोगा आहे. कारण ज्या माणसाची हकिकत मला सांगावयाची आहे, तोही त्याच मिशनच्या मुंबईतील विद्यालयात घडला.

त्या माणसाचे नाव नारायण शेषाद्री. ब्राह्मण कुळात जन्मलेला हा तरुण मुंबईला डॉ. जॉन विल्सन, रॉबर्ट नेस्बिट आणि मरे मिचेल यांच्यासारख्या स्कॉटिश पंडितांच्या हाताखाली शिकला, आणि १८४३ च्या सप्टेंबर महिन्यात त्याने नेस्बिट यांच्या हस्ते बाप्तिस्मा घेतला. तो काळ त्या गुरूंच्याही कसोटीचा होता. त्याच वर्षीच्या मे महिन्यात एडिंबरो येथे स्कॉटलंडच्या राष्ट्रीय मंडळीत मोठी फूट पडली होती; धर्ममंडळीच्या कारभारात जमीनदारांचा आणि सरकारचा हात असू नये या तत्त्वासाठी साडेचारशेंहून अधिक पाळक आपली घरे, वेतने आणि देवळे सोडून बाहेर पडले होते, आणि मुंबईच्या मिशनऱ्यांनीही त्यांचा पक्ष स्वीकारल्यामुळे त्यांना आपल्या विद्यालयाच्या इमारतीवर पाणी सोडावे लागले. म्हणजे शिष्याने जात गमावली आणि गुरूंनी छप्पर गमावले, ही दोन्ही वर्तमाने एकाच सालातली. विश्वासासाठी काहीतरी हातचे सोडावे लागते हा पाठ नारायणाला केवळ पोथीतून मिळाला नाही.

परंतु मुंबईच्या समाजात त्या वर्षी जे वादळ उठले ते नारायणापेक्षा त्याच्या धाकट्या भावामुळे. श्रीपत शेषाद्री परळीकर हा बाराएक वर्षांचा मुलगा भावापाठोपाठ मिशनऱ्यांकडे राहावयास गेला होता. बापाने सुप्रीम कोर्टात धाव घेतली, आणि मुलगा अज्ञान असल्याने कोर्टाने त्याला बापाच्या स्वाधीन केले. कायद्याने एवढ्यावर काम संपले. जातीच्या हिशेबाने ते तिथे सुरू झाले. मुलगा परधर्मीयांच्या घरी जेवला होता. आता त्याला घरात घ्यावे की न घ्यावे? ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनी, प्रायश्चित्त देऊन या बालकाला परत जातीत घ्यावे, असा पक्ष उचलून धरला, आणि त्यासाठी स्वजातीयांचा विलक्षण रोष पत्करला. ख्रिस्ती धर्माच्या प्रसाराला विरोध करणारा हा विद्वान आणि ख्रिस्ती झालेला नारायण हे एका प्रश्नाच्या दोन टोकांना उभे होते. तरीही बारा वर्षांच्या पोराला उंबरठ्याबाहेर ठेवून कोणता धर्म राखला जाणार आहे, हे विचारण्याचे धैर्य त्या वेळी बाळशास्त्र्यांनी दाखवले, हे नमूद केल्यावाचून या इतिहासाला न्याय मिळणार नाही. प्रेम कोणत्या एका पंथाच्या मक्त्यात दिलेले नाही. खचलेल्या मुलाच्या पाठीवर हात ठेवणारा माणूस त्या वादात दोन्ही बाजूंना होता, आणि दोन्ही बाजूंच्या कर्मठांना तो अडचणीचा वाटत होता.

त्या काळी जातीबाहेर पडणे म्हणजे काय, याची आज कल्पना येणे कठीण. जो बाटला त्याच्या नावाने पाण्याने भरलेला घट फोडावयाचा आणि तो जिवंत असताना मेला असे समजावयाचे, ही रूढी होती. ‘घटस्फोट’ हा शब्द आज आपण नवराबायकोच्या काडीमोडीला लावतो, परंतु त्याचा जुना अर्थ हा होता. ज्याच्या नावाने घट फुटला त्याला स्वजनांच्या घरी पाणी नाही. हीच गोष्ट नारायण शेषाद्रींच्या पुढच्या आयुष्याची किल्ली आहे, असे मला वाटते. मांगाला जे दुःख जन्माने मिळत होते, ते या ब्राह्मणाच्या वाट्याला विसाव्या वर्षाच्या आसपास स्वतःच्या निवडीने आले. त्यामुळे तहानेच्या बाबतीत तरी दोघे एका पंक्तीला बसले.

१८५४ साली शेषाद्रींना पाळकपदाची दीक्षा मिळाली. त्याच वर्षी बेळगावास बाबा पदमनजींनी बाप्तिस्मा घेतला. त्यांनी तीनच वर्षांनी ‘यमुनापर्यटन’ लिहून विधवांच्या दुःखाला मराठी कादंबरीचे रूप दिले. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात जे जाहीर वादविवाद झडले त्यांनी सुशिक्षितांत खळबळ उडवून दिली. इंग्रजी येणाऱ्या, शास्त्रे जाणणाऱ्या, वादात पटाईत असलेल्या ख्रिस्ती पंडिताला मुंबईत काम आणि मान दोन्ही होते. लेखणी चालवावी, व्याख्याने द्यावीत, विद्यालयात शिकवावे आणि कीर्तीने म्हातारे व्हावे, असा मार्ग शेषाद्रींपुढे मोकळा होता. त्यांनी तो सोडला आणि १८६३ च्या सुमारास निजामाच्या मुलखातल्या जालन्याची वाट धरली.

जालनाच का, याचे व्यवहारी कारण छावणीत आहे. १८२७ पासून इथे लष्करी छावणी होती, पुढे हैदराबाद कंटिंजंट या फौजेची ठाणी जिथे जिथे होती त्यांत जालना एक होते, आणि छावणीच्या आश्रयाने ख्रिस्ती उपासनेची सुरुवात इथे होऊ शकली. मात्र छावणीतल्या गोऱ्यांची आणि त्यांच्या नोकरचाकरांची सोय पाहणारा पाळक होणे हा शेषाद्रींचा हेतू नव्हता. छावणीची हद्द ओलांडली की निजामाचा मुलूख सुरू होई, त्या मुलखातल्या गावकुसाबाहेर मांगवाडे आणि महारवाडे असत, आणि तिकडे त्यांची पावले वळली. मांग समाजातून, तसेच महारांतून, त्यांच्याकडे माणसे येऊ लागली. ब्राह्मण कुळातला एक पुरुष मांगाच्या ओट्यावर बसतो, त्याच्याशी तोंडाला तोंड देऊन बोलतो, त्याच्या मुलाच्या हाती पाटी देतो, हे दृश्य जालन्याच्या पंचक्रोशीत कोणत्या नजरेने पाहिले गेले असेल ते सांगायला फार कल्पना लढवावी लागत नाही. ज्याने कधी कोणा प्रतिष्ठिताला आपल्या उंबऱ्यावर बसलेले पाहिले नाही, त्याच्यासाठी ते बसणे हेच एक शुभवर्तमान झाले असेल.

परंतु बसण्याने पोट भरत नाही. ख्रिस्ती झालेल्या मांगाचे बलुते बंद होई. पाटील विचारी, आमच्या देवाला तू नकोसा झालास, तर आमच्या खळ्यावर तुझे काय काम? दोर वळणाराचा दोर कोणी घेईना, आणि राहत्या जागेवरही त्याचा हक्क असा काही नव्हताच. अशा माणसाला स्वर्गाचे आश्वासन देऊन परत त्याच गावात पाठवणे म्हणजे पोहता न येणाराला काठावरून शाबासकी देण्यासारखे होते. धीर द्यावयाचा तर पाय टेकवायला जमीन दिली पाहिजे, या निष्कर्षाला शेषाद्री आले, आणि तिथून त्यांच्या चरित्रातले सर्वांत मोठे प्रकरण सुरू होते.

हैदराबादच्या दिवाणगिरीवर त्या वेळी पहिले सालारजंग, मीर तुराब अली खान, होते. १८५३ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, कर्जात बुडालेले राज्य हाती घेऊन या मुत्सद्द्याने महसुलाचे इजारे मोडून काढले, जिल्हाबंदी करून तालुकेदार नेमले, दफ्तरे लावली, आणि रयतेचा सारा मक्तेदाराच्या लहरीवर न राहता सरकारी कागदावर यावा अशी व्यवस्था केली. या दिवाणापुढे शेषाद्रींचा अर्ज गेला, आणि जालन्यापासून दीडेक कोसावर नवे गाव वसवण्यासाठी शेकडो एकर जमीन सवलतीच्या अटींवर मिळाली. १८७० च्या आगेमागे तिथे वस्ती उभी राहू लागली. तिचे नाव ठेवले बेथेल.

ही घटना थोडी थांबून पाहण्यासारखी आहे. अर्ज करणारा ब्राह्मण कुळात जन्मलेला ख्रिस्ती, मंजुरी देणारा मुसलमान दिवाण, पैसा पाठवणारे दूरच्या स्कॉटलंडातले प्रेस्बिटेरियन कुणबी आणि कारागीर, आणि जमीन कसणारे मांग. चार पदर असे, की एरवी एका ठिकाणी आणले असते तर प्रत्येक दुसऱ्यापासून अंग चोरून उभा राहिला असता. मांगाच्या दृष्टीने तर यात एक क्रांतीच होती. आजवर त्याला मिळत आले होते ते बलुते. बलुते पाटलाच्या मर्जीवर, कुणब्याच्या पिकावर, आणि खळ्यावरच्या त्याच्या स्वतःच्या लीनतेवर अवलंबून असे. आता सरकारी कागदाच्या आधाराने उभ्या असलेल्या गावाचा तो रहिवासी झाला. बलुतेदाराला लोक हाक मारीत तेव्हा ‘अरे’ म्हणत. सरकारचा सारा भरणाऱ्या रयतेला कचेरीत निदान नाव विचारावे लागे.

बेथेल या हिब्रू नावाचा अर्थ देवाचे घर. बायबलातल्या कथेप्रमाणे भावाच्या क्रोधाला भिऊन घर सोडून पळालेला याकोब उघड्या रानात रात्री दगड उशाला घेऊन निजतो, स्वप्नात त्याला पृथ्वीपासून स्वर्गापर्यंत लागलेली शिडी दिसते, आणि सकाळी तोच दगड उभा करून तो त्या जागेला हे नाव देतो. देवाचे घर म्हणून ज्याची खूण झाली ते देऊळ नव्हते, ती एका निराश्रिताची उशी होती. गावकुसाबाहेरच्या माळावर वस्ती मांडणाऱ्या माणसांना, आणि आईबापांच्या घराला पारखा झालेल्या त्यांच्या पाळकाला, याहून समर्पक नाव सापडले नसते.

माळावर गाव वसवणे सोपे नसते. दख्खनचा काळा पाषाण फोडून पाणी लागेपर्यंत विहीर खणावी लागते. सुरुंगाची दारू, पहार, घण आणि घाम यांचा हिशेब केल्याशिवाय पहिली मोट चालत नाही. त्यानंतर जमिनीची वाटणी, बैलांची जोडी, बियाणे, घरासाठी दगडमाती, मुलांसाठी शाळा, सुतारलोहाराचे कसब शिकवण्याची सोय आणि या सर्वांच्या मधोमध उपासनेचे मंदिर. ज्यांच्या बापजाद्यांनी नाडे वळले परंतु मोट कधी हाकली नाही, ते आता स्वतःच्या विहिरीवर स्वतःचा नाडा चढवू लागले. या एका फरकात बेथेलचा सारा इतिहास आला.

ख्रिस्ती धर्मग्रंथात एका माणसाचे असे वर्णन आहे, की त्याचे खरे नाव योसेफ असताना प्रेषितांनी त्याला बर्णबा हे नाव ठेवले. मराठी बायबलात त्याचा अर्थ ‘बोधपुत्र’ असा दिला आहे. मूळ शब्दात उपदेशापेक्षा दिलाशाची, उभारी देण्याची छटा अधिक आहे. या बर्णबाने केले काय, तर आपले शेत विकून त्याचे मोल गरजवंतांसाठी आणून ठेवले. ज्या शौलावर कोणाचाही विश्वास बसेना त्याचा हात धरून त्याला मंडळीत नेले. आणि एकदा वाटेत कच खाल्लेल्या मार्काला दुसऱ्यांदा संधी देण्यासाठी जवळच्या सहकाऱ्याशी वाकडेपण पत्करले. त्याचे एकही प्रवचन ग्रंथात सविस्तर उतरलेले नाही. दुसऱ्याला धीर देणारा माणूस शब्दांनी कमी आणि जामीनकीने अधिक ओळखला जातो : हा माझा माणूस आहे, याची हमी मी घेतो, हे तो भरल्या सभेत सांगतो. जालन्याच्या मांगांसाठी शेषाद्रींनी दिवाणाच्या कचेरीत नेमकी ही जामीनकी दिली.

हीच जामीनकी त्यांनी सातासमुद्रांपलीकडेही दिली. १८७३ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्क येथे इव्हँजेलिकल अलायन्स या जागतिक ख्रिस्ती संघाची परिषद भरली, आणि युरोप-अमेरिकेतल्या काळ्या कोटांच्या त्या सभेत डोक्याला पांढरे पागोटे बांधलेले नारायण शेषाद्री उभे राहिले. हिंदुस्थानी ख्रिस्ती माणूस स्वतःच्या पोशाखात आणि स्वतःच्या अधिकाराने बोलतो आहे, हे त्या श्रोत्यांना नवे होते. ज्या जालन्याचे नाव मुंबईतल्या निम्म्या लोकांना नकाशावर दाखवता आले नसते, त्या जालन्याजवळच्या दोर वळणाऱ्यांसाठी अमेरिकेत आणि स्कॉटलंडात वर्गणी जमली. पूर्वी विहिरीपासून दूर उभे राहून ज्यांना पाण्यासाठी विनवावे लागे, त्यांच्यासाठी आता विनवणारा त्यांच्यातलाच एक होऊन जगभर फिरत होता. आणि त्याची मान मात्र ताठ होती.

एवढे सांगून लेखणी खाली ठेवली तर ती आरती होईल, इतिहास होणार नाही. भाकरीसाठी बाटले, हा आक्षेप बेथेलसारख्या वस्त्यांवर पहिल्यापासून घेतला गेला आहे, आणि त्यात तथ्याचा अंश नाही असे म्हणणे खोटेपणाचे ठरेल. पुढे १८९६ नंतरच्या दुष्काळांत मिशनच्या दारी, तशीच केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात, जी माणसे आली ती भुकेने आली होती. परंतु आक्षेप घेणाऱ्यांनी एक प्रश्न स्वतःला विचारावा : भाकरी आणि आब या दोन गोष्टी ज्याच्यापासून एकदमच हिरावल्या गेल्या होत्या, त्याने त्या दोन्ही एका हातून घेतल्या, तर त्याच्या पोटाचा आणि मनाचा हिशेब वेगवेगळा मांडण्याचा अधिकार पोटभर जेवलेल्यांना कोणी दिला?

दुसरा आक्षेप मला अधिक खोल वाटतो. बेथेलने मांगाला नवी विहीर दिली; गावाची जुनी विहीर मात्र होती तशीच राहिली. वेगळे गाव वसवल्याने आत आलेल्यांना ऊब मिळाली, परंतु जो शेजारी गावकुसाबाहेरच उरला त्याची तहान त्याने भागली नाही, आणि ज्या पाटलाने पाणी नाकारले त्यालाही आपल्या नकाराचा जाब द्यावा लागला नाही. त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ लोटल्यावर, १९२७ च्या २० मार्चला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या चवदार तळ्यात उतरले आणि त्यांनी ओंजळीने पाणी घेतले; त्यांची मागणी नव्या तळ्याची नव्हती, सर्वांच्या तळ्यावर सर्वांचा हक्क आहे हे सिद्ध करण्याची होती. दिलासा आणि हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढे ख्रिस्ती मंडळ्यांतही जातीच्या खुणा पुरत्या पुसल्या गेल्या नाहीत. आणि १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती धर्माशी जोडल्या गेल्या, त्यात पुढे शीख आणि बौद्ध यांचा समावेश झाला तरी ख्रिस्ती झालेला दलित त्या यादीबाहेरच राहिला. ज्या निर्णयाने आजोबाला विहीर मिळाली, त्याच निर्णयाने नातवाचा दाखला अडावा, असा हा पीळ आहे.

तरीही महाडच्या तळ्यापर्यंत चालत जाणारी पावले एका दिवसात तयार झालेली नव्हती. ज्याने आयुष्यात कधी स्वतःच्या हाताने विहिरीतून पाणी ओढलेले नाही, त्याला पाणी हा आपला हक्क आहे हे सुचणेही अवघड असते. हक्क मागायला उभे राहण्याआधी माणसाला उभे राहता यावे लागते. मुक्ता साळवेच्या हातातली लेखणी, शाळेतली पाटी आणि बेथेलच्या माळावरची मोट यांनी ते उभे राहणे थोडेथोडे शिकवले, असे म्हटले तर कोणाच्या श्रेयाला बाधा येऊ नये.

नारायण शेषाद्री १८९१ साली परदेशच्या प्रवासात निवर्तले. ज्या मातीत त्यांनी गाव उभारले, त्या मातीत त्यांचा देह विसावला नाही. त्यांच्यामागे काळ झपाट्याने पालटला. विसावे शतक उजाडता उजाडता मनमाडहून निघालेली गोदावरी खोऱ्याची रेल्वे जालन्यावरून पुढे गेली आणि कापसाच्या गाठी मुंबईच्या वाटेला लागल्या. १९०३ साली कंटिंजंट मोडले, छावणीतली फौज उठली आणि सदर बाजारात नाव तेवढे राहिले. १९४८ च्या सप्टेंबरात निजामाचा अंमल संपला. १९७० साली नागपुरात उत्तर भारतातल्या अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र आल्या. १९८१ च्या महाराष्ट्रदिनी जालना स्वतंत्र जिल्हा झाला. सालारजंगांची दिवाणगिरी, स्कॉटलंडची मिशनरी मंडळी, इंग्रजी अमलाखालची छावणी, ज्या ज्या बळावर बेथेल उभे राहिले होते ते प्रत्येक बळ काळाने मोडीत काढले. बेथेलचे नाव मात्र जालन्याच्या शिवारात आजही आहे.

संध्याकाळच्या वेळी नवीन जालन्यातून परतताना मी पुन्हा त्या दुकानापुढे थांबतो. आता दोर प्लास्टिकचे, निळे आणि पिवळे, कारखान्यातून आलेले. त्यांना अंबाडीचा वास नाही आणि ते वळणाराच्या तळहाताला घट्टे पडत नाहीत. मोट गेली, पंप आले, चाती कुठल्या तरी माळ्यावर पडून असेल. पण एखाद्या आडगावी म्हातारा अजून घरच्या गाईसाठी दावे वळताना दिसतो, आणि तेव्हा नातवाला किंवा वाटेने जाणाऱ्या कोणालाही तो हाक मारतो : जरा टोक धर बाबा. धरणाराला फारसे काही करावे लागत नाही. तो नुसता उभा असतो, टोक हातातून सुटू देत नाही, आणि म्हातारा पदर सोडीत, पीळ सांभाळीत, एकेक पाऊल मागे सरकत राहतो.